डी ड्राइव्हवर लिहिता येत नाही: एका ड्युअल-बूट संगणकाचं प्रकरण

सांगलीतल्या एका घरगुती डीटीपी सेंटरमधला हा संगणक. दिवसभर वडील वापरतात, सकाळी लवकर आणि रविवारी मुलगी. वडिलांचं काम विंडोज १० वर चालतं. पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या फॉन्टात मॅटर लावायचं, कोरलमध्ये पत्रिका करायच्या, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, आणि गणपती उठले की दिवाळी अंकांची पानं. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिचं सगळं लिनक्स मिंटवर. संगणक सुरू करताना मेनूतून दोन्हींपैकी एक प्रणाली निवडायची, म्हणजेच ड्युअल-बूट. हार्ड डिस्क एकच, एक टीबीची. त्यात सी ड्राइव्ह विंडोजचा, शेवटचा भाग लिनक्सचा, आणि मधला सुमारे ५०० जीबीचा डी ड्राइव्ह दोघांच्या सामाईक वापराचा. फॉरमॅट एनटीएफएस, म्हणजे फाइल साठवण्याची विंडोजची पद्धत.

डी ड्राइव्ह सामाईक असण्याला कारण होतं. वडिलांकडे एक जुनं पुस्तक नव्याने लावायचं काम आलं होतं. मुलगी त्याची पानं स्कॅन करून लिनक्सवर टेसरॅक्टच्या मराठी ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममधून) मजकूर काढायची, डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात ठेवायची. वडील तो दुपारी विंडोजमध्ये उघडायचे, श्रीलिपीत बदलून घ्यायचे, प्रूफ काढायचे. एकच फोल्डर रोज दोन्हीकडून उघडला जायचा. माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा तक्रार अशी होती: आधी लिनक्समधून डी ड्राइव्हवर लिहिता येत नव्हतं, मग येऊ लागलं, आणि आता त्यातला मजकूर गायब झाला आहे.

डेटा जाण्याची गोष्ट आधी हातात घेतली, परवानगीचं नंतर. ज्या पार्टिशनवरून, म्हणजे डिस्कच्या ज्या भागावरून, फाइल गेली आहे त्यावर पुढे काहीही लिहायचं नसतं, कारण गेलेल्या फाइलची जागा संगणकाच्या लेखी मोकळी असते आणि नवीन फाइल तिथेच जाऊन बसू शकते. म्हणून काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, सांगितलं, ‘पुस्तकाचं काम आज राहू द्या, पत्रिका सी ड्राइव्हवर सेव्ह करा.’ विंडोज एकदा रीस्टार्ट करून तिथूनच लिनक्समध्ये गेलो, डी ड्राइव्ह मुद्दाम फक्त वाचण्यापुरता जोडला आणि आहे तसा सगळा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. त्याला वेळ लागला, पण त्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

ती नेमकं काय काय करून बसली होती

कॉपी चालू असताना तिच्याकडून सगळा क्रम काढून घेतला. अशा प्रकरणात हा क्रमच निदान देतो, कारण मधल्या प्रत्येक उपायाने मूळ लक्षण थोडं थोडं बदललेलं असतं.

सुरुवातीला ती फाइल मॅनेजरमध्ये डी ड्राइव्हवर क्लिक करून तो उघडायची. सकाळी लिहू जावं तर नकार, फोल्डरावर कुलपाचं चिन्ह. रविवारी मात्र बिनतक्रार चालायचं. का ते कळत नव्हतं. तिने शोधाशोध केली आणि पहिला सल्ला मिळाला तो सगळ्यांना मिळतो तोच: परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडने ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी, परवानगी द्या. दिली. उत्तर आलं, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’.

दुसरा सल्ला मिळाला एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ टाकण्याचा. लिनक्स सुरू होताना कोणतं पार्टिशन कुठे आणि कोणत्या अटींवर जोडायचं हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. तिने कुठूनतरी ओळ उचलली, त्यात यूमास्क (कोणाचे कोणते हक्क काढायचे ते सांगणारा आकडा) ०२२ होता. आता सकाळी तर जमत नव्हतंच, पण रविवारीही बंद झालं. पुन्हा सीएचमॉड, पुन्हा ७७७, या वेळी कसलीही तक्रार न करता कमांड पार पडली आणि परवानग्या होत्या तशाच राहिल्या.

तिसरा सल्ला घातक निघाला. एनटीएफएसफिक्स नावाची कमांड डी ड्राइव्हवर चालवायची आणि मग तो जोडायचा. ती चालली, लिहिता आलं. रोज टाइप करायला नको म्हणून तिने लिनक्स सुरू होताना आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्टच करून टाकली. पुढे काही दिवस सगळं सुरळीत. मग एके दुपारी वडिलांनी विंडोजमध्ये फोल्डर उघडला तर सकाळी ठेवलेली प्रकरणं त्यात नाहीत, आणि आदल्या दिवशीची एक फाइल उघडली तर आत भलताच मजकूर.

‘दादा, मी तर फक्त परमिशन दुरुस्त केली,’ ती म्हणाली. तिच्या जागी कोणालाही तसंच वाटलं असतं, कारण तिला वाचायला मिळालेल्या प्रत्येक उपायावर परवानगी हाच शिक्का होता.

नकार दोन प्रकारचा असतो

लिहिता येत नाही ही एकच तक्रार असली तरी लिनक्स त्याची दोन वेगळी उत्तरं देतो, आणि ती शब्दशः वाचावी लागतात.

‘परमिशन डिनाइड’ आलं तर पार्टिशन लिहिण्यासाठी खुलं आहे, फक्त या वापरकर्त्याला हक्क नाही. हा खरा परवानगीचा प्रश्न.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं तर पार्टिशनच कोणासाठीही खुलं नाही. रूटला, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यालासुद्धा नाही. इथे मालक बदलून, ७७७ देऊन, सुडो लावून (रूटच्या अधिकाराने कमांड चालवून) काहीही होणार नाही. लिनक्सने कशामुळे तरी हे पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडलं आहे आणि ते कारण शोधायचं असतं.

या संगणकावर दोन्ही नकार होते. सकाळी रीड-ओन्ली, आणि एफएसटॅबची ओळ टाकल्यापासून रविवारी परमिशन डिनाइड. दोन वेगळे आजार एकाच नावाने सांगितले जात होते, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर लावला जात होता.

आधी तिची स्क्रिप्ट बंद केली आणि एफएसटॅबमधली ओळ तात्पुरती निष्क्रिय केली, म्हणजे मूळ अवस्था दिसेल. मग काकांना नेहमीसारखा संगणक बंद करायला सांगितला, ‘शट डाउन’ करून. चालू केल्यावर लिनक्समध्ये गेलो, टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, डी ड्राइव्ह हाताने जोडला. फाइल मॅनेजर जे लपवतो ते टर्मिनल सांगतो. संदेशाचा मथितार्थ असा: डिस्कवरची फाइल सिस्टिम स्वच्छ अवस्थेत नाही, तिची काही माहिती विंडोजच्या कॅशमध्ये अडकली आहे, म्हणून लिहिण्यासाठी जोडायला नकार देऊन फक्त वाचण्यासाठी जोडत आहे, कृपया विंडोज सुरू करून ते पूर्ण बंद करा, हायबरनेशन (मेमरीतली अवस्था डिस्कवर साठवून बंद होणं) किंवा फास्ट रीस्टार्ट नको.

इतकं स्पष्ट निदान संगणक क्वचितच देतो. लिनक्सवर एनटीएफएस वाचणारा-लिहिणारा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर या बाबतीत सज्जन आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१च्या अखेरीपासून, एनटीएफएस३ नावाचा दुसरा ड्रायव्हरही आहे. तोही अशा पार्टिशनवर लिहू देत नाही, पण अनेकदा पडद्यावर येतो तो ‘फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा, पर्याय चुकीचा किंवा सुपरब्लॉक खराब’ असा सर्वसाधारण संदेश, आणि खरं कारण कर्नलच्या नोंदींमध्ये डीमेसेज कमांडने जाऊन पाहावं लागतं. माणूस डिस्क गेली समजून घाबरतो.

मग उलट चाचणी. विंडोजमध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ केलं आणि मेनूतून लिनक्स निवडलं. डी ड्राइव्ह लिहिण्यासाठी खुला. पुन्हा विंडोज, या वेळी ‘शट डाउन’. पुन्हा रीड-ओन्ली. रविवारचं कोडं इथे सुटलं. इतर दिवशी वडील रात्री संगणक बंद करून झोपायचे आणि मुलगी सकाळी चालू करायची. रविवारी वडिलांचं काम संपलं की ती लगेच बसायची, आणि विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्सला जायची.

बंद म्हणजे बंद नाही

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि हायबरनेशनची सोय असलेल्या बहुतेक संगणकांवर ती आधीपासूनच चालू असते. आपण शट डाउन केलं की उघडे प्रोग्राम बंद होतात, वापरकर्ता बाहेर पडतो, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, बंद होत नाही. त्यांची मेमरीतली अवस्था सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल नावाच्या फाइलीत जशीच्या तशी उतरवली जाते. दुसऱ्या दिवशी विंडोज नव्याने सुरू होत नाही, ती फाइल मेमरीत परत ओढून घेतो. म्हणून चटकन उभा राहतो. रीस्टार्ट मात्र खरोखर पूर्ण बंद करून सुरू करतो, कारण ते सहसा अपडेट किंवा दुरुस्तीसाठी लागतं. रीस्टार्टने विंडोज जास्त पूर्ण बंद होतो आणि शट डाउनने कमी, हे ऐकून काकांचा विश्वास बसेना. चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा केली तेव्हा पटलं.

आता त्या गोठवलेल्या मेमरीत डी ड्राइव्हचाही हिशेब असतो: कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे. किराणा दुकानदाराने उधारीचे आकडे वहीत न उतरवता डोक्यात ठेवून दुकान बंद करावं, रात्री दुसऱ्या कोणी त्याच वहीत नव्या नोंदी कराव्यात, आणि सकाळी दुकानदाराने वही न वाचता डोक्यातलेच आकडे त्यावर लिहून काढावेत, तसं हे होतं. लिनक्सने सकाळी लिहिलेल्या फाइलींची नोंद डिस्कवर होती. दुपारी विंडोज जागा झाला तो आदल्या रात्रीची नोंद घेऊन. त्याच्या लेखी ती जागा मोकळीच होती. त्याने आपली जुनी नोंद डिस्कवर लिहिली, मुलीची प्रकरणं यादीतून गेली, आणि काही जागांवर नवीन मजकूर जाऊन बसला. भलताच मजकूर दिसणारी फाइल त्यातूनच आली.

हे होऊ नये म्हणूनच लिनक्स लिहू देत नव्हता. त्या कुलपाने रोज सकाळी तिच्या कामाचं रक्षण केलं होतं, आणि एनटीएफएसफिक्सने ते काढून टाकलं. या कमांडचं नाव फार फसवं आहे. ती डिस्क दुरुस्त करत नाही. काही मोजक्या मूलभूत विसंगती सुधारते, पुढच्या वेळी विंडोजने डिस्क तपासावी अशी खूण करते, आणि जर्नल रिकामं करते. तिच्या टर्मिनलवरच्या जुन्या नोंदीत ती ओळ स्पष्ट दिसत होती: आता जर्नल रिकामं करत आहे, ओके. जर्नल म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद. जिच्या आधारे फाइल सिस्टिम सावरली असती ती नोंदच दर सकाळी पुसली जात होती.

विंडोज आपल्या बाजूने इशारा देत नव्हता असंही नाही. रीस्टार्ट झाल्यावर दोन-चार वेळा डिस्क तपासणीचा काळा पडदा आला होता. त्यावर काही सेकंदांत कोणतंही बटण दाबलं की तपासणी टळते, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना ते दाबलं गेलं होतं.

रिमूव्ह-हायबरफाइल नावाचा आणखी एक जोडणीचा पर्याय सर्रास सुचवला जातो, त्याबद्दलही इथेच सांगतो. तो हायबरफिल फाइल उडवून देतो, म्हणजे विंडोजची साठवलेली अवस्था कायमची जाते. शिवाय ती फाइल सी ड्राइव्हवर असते. डी ड्राइव्ह जोडताना हा पर्याय लावून उपयोगच नाही, तिथे उडवायला काही नसतं. विंडोज पुन्हा कधीच सुरू होणार नाही आणि फक्त आतल्या फाइल वाचवायच्या आहेत, अशी वेळ आली तरच त्याचा विचार करावा, आणि तेव्हाही आधी वाचण्यापुरतं जोडून कॉपी करून घ्यावी.

विंडोजच्या बाजूची दुरुस्ती

कॉपी झाल्यावर विंडोजमधून डी ड्राइव्हवर चेकडिस्क ही डिस्क तपासणारी कमांड चालवली, दुरुस्तीच्या पर्यायासह. या टप्प्यावर ही विंडोजचीच असली पाहिजे. एनटीएफएसची पूर्ण तपासणी आणि दुरुस्ती करणारं तिच्या तोडीचं मोफत साधन लिनक्सवर नाही.

ती संपल्यावर डी ड्राइव्हच्या मुळाशी ‘फाउंड.०००’ नावाचा छुपा फोल्डर तयार झाला. नावगाव हरवलेले तुकडे चेकडिस्क तिथे ठेवते. सुट्या फाइलींची नावं गेलेली असतात, नुसते क्रमांक आणि शेवटी सीएचके. पण एखादा आख्खा फोल्डर सापडला तर फोल्डराचं नाव जातं आणि आतल्या फाइलींची नावं बहुधा शाबूत राहतात. इथे ते झालं. ओसीआरचा बराचसा मजकूर अशा एका फोल्डरात नावांसकट मिळाला. सुट्या सीएचके फाइल मुलीने टेक्स्ट एडिटरमध्ये एकेक उघडून पाहिल्या. साधा युनिकोड मजकूर असल्यामुळे पहिल्या ओळीवरूनच प्रकरण ओळखू येत होतं. काही स्कॅन मात्र कायमचे गेले, ती पानं मूळ पुस्तकावरून पुन्हा घ्यावी लागली. पुस्तक अजून परत दिलेलं नव्हतं ही मोठीच गोष्ट.

मग मूळ कारण काढलं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं ते ठरवण्याचं पान, वरच्या बाजूला ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ या अर्थाची ओळ. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालचे चौकोन फिकेच राहतात, आणि बरेच जण इथेच अडकतात. मग फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढायची.

एवढं पुरतं, पण मी इथे थांबलो नाही. काकांना वीज गेली की हायबरनेट करायची सवय होती. फास्ट स्टार्टअप बंद असला तरी कोणी हातानं हायबरनेट केलं आणि मुलीने लिनक्स सुरू केलं, तर पुन्हा तेच. म्हणून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेशनच बंद केलं. त्याने फास्ट स्टार्टअपही आपोआप जातो आणि हायबरफिल फाइल पुसली जाते. ती साधारण रॅमच्या ४० टक्के जागा धरून बसते, ती मोकळी झाली हा वरकड फायदा.

काकांचा आक्षेप होता, आणि तो रास्त होता. ‘अरे, आधीच मशीन हळू, त्यात आता सुरू व्हायला आणखी वेळ?’ जुनी फिरती हार्ड डिस्क असल्याने फरक पडणार होता, ते मी लपवलं नाही. ‘काका, दोन मिनिटं जास्त जातील, पण मॅटर जाणार नाही,’ एवढंच सांगितलं. घरी इन्व्हर्टर होता, त्यामुळे वीज गेल्यावर नीट बंद करण्याइतका वेळ मिळत होता, आणि शेवटी त्यांनी मान्य केलं. फक्त विंडोज असलेल्या संगणकावर मी ही सोय बंद करायला सांगणार नाही. दोन प्रणाल्या एकाच पार्टिशनवर लिहीत असतील तिथे मात्र तडजोड नाही.

आता खरी परवानगी

रीड-ओन्ली गेल्यावर तिची एफएसटॅबची ओळ पुन्हा चालू करून पाहिली. परमिशन डिनाइड. आता दुसरा आजार एकटा दिसत होता.

एनटीएफएसवर लिनक्सच्या पद्धतीचे मालक आणि परवानग्या नेहमीच्या जोडणीत साठवल्याच जात नाहीत. पार्टिशन जोडताना जे सांगाल तेच सगळ्या फाइलींना सरसकट लागू होतं. तिच्या ओळीत मालकाचा क्रमांक नव्हता, म्हणून मालक झाला रूट. यूमास्क ०२२ म्हणजे मालकाला लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त वाचता येईल. मालक रूट आणि ती बाकीच्यांत. सीएचमॉड गुपचूप पार पडून काहीच का झालं नाही त्याचंही उत्तर यातच आहे: एनटीएफएस-३जी अशा वेळी सीएचमॉड आणि मालक बदलणारी सीएचओन या दोन्ही कमांड चूक न दाखवता गिळून टाकतो. तसं त्याच्या माहितीपानावर लिहिलेलं आहे, पण ते पान वाचतं कोण.

नवीन ओळ अशी केली. पार्टिशन ओळखण्यासाठी डिस्कचं नाव न देता यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा कायम क्रमांक दिला, कारण दुसरी डिस्क लावली की नावं बदलू शकतात. यूआयडी (मालकाचा क्रमांक) आणि जीआयडी (त्याच्या गटाचा क्रमांक) दोन्ही १०००, मिंटवर पहिल्या वापरकर्त्याचा हाच क्रमांक असतो. तरी आयडी कमांड चालवून खात्री करून घेतली. फोल्डरांसाठी डीमास्क ०२२, म्हणजे ७५५. फाइलींसाठी एफमास्क १३३, म्हणजे ६४४, त्यामुळे प्रत्येक टेक्स्ट फाइल चालवता येण्याजोगी म्हणून दिसत नाही. सरसकट ७७७ द्यायची गरज कधीच नसते.

त्या ओळीत आणखी दोन शब्द मी आग्रहाने घालतो. एक नोफेल. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डी ड्राइव्ह सापडला नाही, तर लिनक्स दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो, आणि मुलगी परीक्षेच्या सकाळी काळ्या पडद्यासमोर. दुसरा विंडोज-नेम्स. विंडोजला चालत नाहीत अशी नावं लिनक्समधून तयारच होऊ देत नाही. विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, उभी रेघ, शिवाय शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेली नावं. तिने काही फाइलींना प्रकरणाचा क्रमांक, पुढे कोलन आणि मग मथळा अशी नावं दिली होती. लिनक्समध्ये ती छान दिसायची, विंडोजमध्ये त्या फाइल उघडत नव्हत्या, पुसल्याही जात नव्हत्या. वडिलांना तोही परवानगीचाच घोळ वाटत होता. लिनक्समधून कोलनच्या जागी आडवी रेघ टाकली, प्रश्न मिटला.

नावांचाच आणखी एक अडथळा, जो मराठीत काम करणाऱ्यांना हटकून भेटतो. मुलगी डी ड्राइव्हवरचा फोल्डर आपल्या लिनक्सच्या होममध्ये कॉपी करायला गेली की काही फाइलींवर ‘फाइल नेम टू लाँग’ येई. एनटीएफएस नावाची लांबी अक्षरचिन्हांत मोजतो, २५५ चिन्हं. लिनक्सचं स्वतःचं फॉरमॅट ईएक्सटी४ मोजतं बाइटमध्ये, २५५ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे मर्यादा येते ८५ चिन्हांवर, आणि काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘ज्ञानेश्वर’ हा डोळ्याला चार अक्षरांचा शब्द दहा चिन्हांचा आणि तीस बाइटचा होतो. काका फाइलीला लेखाचं आख्खं शीर्षक, लेखकाचं नाव आणि ‘अंतिम प्रूफ दुरुस्तीसह’ असं सगळं देतात. कितीही हक्क दिले तरी असं नाव ईएक्सटी४ वर बसत नाही, ते लहानच करावं लागतं.

मधे विचार झाला की डी ड्राइव्हचं फॉरमॅट बदलून एक्सफॅट करावं का. त्यावर मालक-परवानग्यांची भानगड कमी, आणि लिनक्स कर्नलही तो आता थेट वाचतो-लिहितो. पण एक्सफॅटला जर्नल नाही, वीज गेल्यावर सावरण्याची ताकद कमी, आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर जुन्या नोंदीचा धोका तिथेही तसाच. कॅमेऱ्याच्या कार्डाला तो ठीक आहे. व्यवसायाचं मॅटर ज्यावर आहे त्याला नको. एनटीएफएसच ठेवला.

घड्याळाचंही एक काम निघालं. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेचं मानतो, लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं मानतो, त्यामुळे लिनक्सवरून आल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जायचं. काका ते हाताने पुढे करायचे. ज्या दिवशी राहून जाई त्या दिवशी विंडोजमध्ये सेव्ह केलेली नवी फाइल तारखेने जुनी ठरायची, आणि ‘नवीन ते ठेवा’ या तत्त्वावर चालणारा बॅकअप चुकीची प्रत उचलायचा. लिनक्सला टाइमडेटसीटीएल कमांडने स्थानिक वेळ वापरायला सांगितली.

उरलेला एक फोल्डर

सगळं झाल्यावर काकांनी जुन्या दिवाळी अंकांचा एक फोल्डर विंडोजमध्ये उघडला, पानात दुरुस्ती केली, सेव्ह करायला गेले तर ‘ॲक्सेस डिनाइड’. तोच फोल्डर लिनक्समधून मुलीला बिनदिक्कत लिहिता येत होता. आधीच्या तक्रारीच्या अगदी उलट.

कारण विंडोजच्या परवानग्या पार्टिशनवर खरोखर साठवलेल्या असतात, प्रत्येक फाइलीच्या सोबत. या संगणकावर विंडोज मागे एकदा नव्याने टाकला गेला होता. विंडोज वापरकर्त्याला नावाने नाही तर एका लांबलचक क्रमांकाने ओळखतो, आणि नव्याने टाकल्यावर त्याच नावाच्या खात्यालाही नवा क्रमांक मिळतो. त्या जुन्या फोल्डराच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचं पान उघडलं तर नावाच्या जागी नुसता क्रमांक, एस-१-५-२१ ने सुरू होणारा. लिनक्सचा ड्रायव्हर आपल्या जोडणीत त्या नोंदी विचारातच घेत नव्हता, म्हणून तिकडून दार उघडं होतं.

ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन मालक बदलला, काकांचं सध्याचं खातं दिलं, आतल्या सगळ्या फोल्डरांना आणि फाइलींना लागू करण्याची खूण केली. मग जुन्या वेगळ्या नोंदी काढून त्या फोल्डराला वरच्या डी ड्राइव्हच्याच परवानग्या वारशाने मिळतील असं केलं. फाइल हजारोंनी होत्या, पट्टी सरकायला बराच वेळ गेला. तोवर काकांनी भिंतीवरच्या कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या: विंडोजचं मोठं अपडेट झालं की पॉवरसीएफजीला विचारून हायबरनेशन बंदच आहे ना ते पाहायचं, आणि डिस्क तपासणीचा पडदा आला तर कोणतंही बटण दाबायचं नाही.